निन्टेन्डो स्विचचं यश टिकेल का, की ‘वी’सारखी हवा निघून जाईल?

टिकेल असं मला वाटतं, पण ‘वी’ची आठवण काढलीत ते बरोबरच. २००६ साली आलेला वी, म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीचंच टीव्हीवर गेम खेळायचं आधीचं यंत्र, १० कोटींवर खपला. त्यानंतर २०१२ मध्ये वी यू आला आणि जेमतेम १.३६ कोटींवर थांबला. नाव इतकं सारखं की अनेकांना तो जुन्या वीचाच जोडभाग वाटला, शिवाय बाहेरच्या कंपन्यांनी गेम देणं लवकरच कमी केलं.

स्विचचं तसं नाही. मार्च २०१७ मध्ये आलेलं हे यंत्र १५ कोटींच्या पुढे गेलंय. टीव्हीला लावा नाहीतर हातात धरा. जळगावात मे महिन्यात दुपारी लाइट गेली की माझा भाचा ते घेऊन ओसरीवर बसतो, खेळ थांबत नाही. हीच त्याची खरी ताकद!

जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर जुने बहुतेक गेम चालतात. पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपले. काळजी आहे ती किमतीची. अमेरिकेत जुना ३०० डॉलरला आला होता, नवा ४५० ला. आपल्याकडे त्या पैशात चांगला मोबाइल येतो, त्यामुळे खानदेशात तरी तो घरोघरी दिसणार नाही.