घरचे म्हणतात ‘आम्ही भाकरी-चटणीवरच वाढलो’, मग वाढत्या वयातील मुलांना वेगळे पोषण खरोखर लागते का?

आपण विचारले आहे की तेरा वर्षांची मुलगी सतत थकलेली असते, पंधरा वर्षांच्या मुलाची उंची वर्गात सर्वांत कमी आहे, तर या वयात खाण्याचा इतका परिणाम होतो का, आणि कोणती पावडर सुरू करावी. शिवाय सासूबाई म्हणतात की आम्ही भाकरी-चटणीवरच वाढलो, आम्हाला काय झाले. परिणाम होतो, आणि पावडर कोणतीच नको. सासूबाईंच्या वाक्याशी मात्र माझा जुना हिशेब आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

हेच वाक्य माझे थोरले बंधू मला कित्येक वर्षे ऐकवत आले आहेत. ते सांगोल्याकडे डाळिंबाची बाग करतात आणि मी सोलापुरात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. २०१७ साली माझी मुलगी माझ्याच शाळेत नववीत होती. त्या वर्षी दिवाळीनंतर ती घरी आली की दप्तर न उतरवताच आडवी होत असे, जिना चढताना मध्येच कठडा धरून उभी राहत असे, आणि प्रमेयाची सिद्धता लिहिताना तिसऱ्या ओळीवर तिचा हात थांबलेला असे. मी तिला आळशी म्हणत असे. एकदा भर वर्गात, साठ मुलांसमोर म्हणालो.

पुढे एका रविवारी कर्कटक हवे होते म्हणून मी तिची कंपासपेटी उघडली, तर कोनमापकाखाली निळ्या गोळ्या होत्या. मोजल्या, अकरा भरल्या. शाळेत सहावीपासूनच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा, आमच्याकडे दर सोमवारी, लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते, हे आपल्याला ठाऊक असेलच. तिच्या वर्गाचा वर्गशिक्षक मी होतो. म्हणजे अकरा सोमवार ‘गोळी समक्ष दिली’ असे लिहून खाली सही मीच केली होती. विचारले तेव्हा ती आधी गप्प बसली, मग म्हणाली की गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, आणि वर्गात सगळ्या मुली म्हणतात की या गोळीने पुढे मूल होत नाही. शेवटचे खोटे होते, काळे होणे निरुपद्रवी होते, पण मळमळ खरी होती आणि तिला आम्हीच कारण होतो. ही गोळी जेवणानंतर द्यायची असते. आम्ही काम उरकावे म्हणून ती पहिल्याच तासाला वाटून मोकळे होत होतो, आणि माझी मुलगी घरून चहात बुडवलेली अर्धी भाकरी खाऊन आलेली असे.

डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “माती किंवा खडू खातेस का?” अंगात लोह कमी पडले की अशी ओढ लागते. मुलीने माझ्याकडे पाहिले. माझ्या सदऱ्याच्या खिशातले खडू संपत होते आणि मी समजत होतो की ते वर्गात झिजत आहेत. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.१ निघाले, त्या वयाच्या मुलीला निदान १२ हवे.

बातमी कळताच दादांनी डाळिंबाची पेटी पाठवली आणि फोनवर सांगितले की रोज एक खाऊ घाल, गोळ्याबिळ्या काही लागत नाहीत, आम्ही भाकरी-चटणीवर वाढलो. आमच्या जिल्ह्यात डाळिंबाविरुद्ध बोलणे धोक्याचे आहे, परंतु हिशेब हिशेबाच्या जागी. शंभर ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते आणि त्याच वयाच्या मुलाला २२. म्हणजे नुसत्या डाळिंबावर भागवायचे तर रोज दहा किलो दाणे सोलावे लागतील. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढते, हा न्याय लावला तर कुंकूही चालेल. बिटाचीही कथा फारशी निराळी नाही.

भाकरीची गोष्ट वेगळी आहे. भाकरीला मी नावे ठेवणार नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेला कोणीच ठेवणार नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, शेंगादाण्यांत त्याच वजनाला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. दादांच्या लहानपणी ताटात दोन-तीन भाकऱ्या, शेंगांची चटणी, हरभऱ्याची किंवा चाकवताची भाजी, डाळीचे कालवण, कांदा आणि वाटीभर ताक असे. माझ्या मुलीच्या पोटात दिवसभरात दीड भाकरी, एक वेफर्सचे पाकीट आणि तीन वेळचा चहा जात होता. त्यातही धान्यातले लोह मुळात कमी शोषले जाते, आणि जेवणाबरोबरचा चहा ते आणखी अडवतो. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व नेमके उलटे काम करते. चहा जेवणापासून तासभर तरी दूर ठेवणे हा बिनपैशाचा उपाय आहे आणि तोच आमच्या घरात सर्वांत अवघड गेला.

आता ‘आम्हाला काय झाले’ याविषयी. आमची धाकटी आत्या दुसऱ्या बाळंतपणात गेली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि ओट्यावर बसलेल्या बायकांचे शब्द मला अजून आठवतात: पोरीच्या अंगात रक्तच नव्हते. ती त्याच घरात, त्याच भाकरीवर वाढली होती. फरक इतकाच की ती शेवटच्या पंगतीला बसत असे, जेव्हा कालवणाच्या पातेल्यात तळाचे पाणी उरलेले असे. दादांना हे सांगितले की ते म्हणतात, तो काळच तसा होता. जे जगले तेच पुढे ‘आम्हाला काय झाले’ म्हणायला उरतात, एवढी साधी गोष्ट मी त्यांना आजवर पटवू शकलेलो नाही. काळ बदलला म्हणावे तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या आहेत. मुलांतही हे प्रमाण ३१ टक्के आहे, म्हणून आपल्या मुलालाही तपासणीतून वगळू नका.

शाळेची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सहावी ते आठवीच्या मुलांना दुपारच्या पोषण आहारातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. नववीत गेल्यावर हे ताट बंद होते, आणि भूक तर त्याच सुमारास सर्वांत मोठी असते. नववीच्या मुली प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन खाली बसतात हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि वर्षानुवर्षे त्याला उन्हाचे कारण दिले आहे.

मुलाच्या उंचीबाबत थोडक्यात. उंची बरीचशी आई-वडिलांकडून येते, पण ती पूर्ण गाठली जाते की नाही हे या वयातल्या खाण्यावर आणि आजारपणांवर ठरते. मुलगे मुलींपेक्षा साधारण दोन वर्षे उशिरा वाढतात, त्यामुळे पंधराव्या वर्षी सर्वांत बुटका असलेला मुलगा पुढे सरासरीला येऊ शकतो. या वयात त्याला रोज सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. हाडांचा बहुतेक साठा अठराव्या वर्षापर्यंत भरून होतो. कपभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. उरलेले नाचणी, तीळ, दही यांतून सहज जमते. दादांच्या दावणीला दोन म्हशी आहेत, त्यांचे दूध सकाळीच संकलन केंद्रावर जाते आणि घरातली नातवंडे चहा पितात. अंडी चालत असतील तर द्या. पावडरीच्या डब्याची मागची बाजू वाचा, साखरेचा आकडा पाहा, आणि तेवढ्याच पैशांत किती अंडी नि शेंगा येतात हे मुलालाच काढायला सांगा.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवे होते. थकवा थायरॉइडमुळे, पाळीतील अतिरक्तस्रावामुळे, जंतांमुळे किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही येतो, आणि ब-१२ तर शाकाहारी घरात दूध-दह्याशिवाय फारसे मिळत नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांतही हिमोग्लोबिन कमी दिसते, तेव्हा तपासणी न करता दुकानातून लोहाच्या गोळ्या आणू नयेत. माझ्या मुलीला जंताचे औषध दिले आणि रोजची गोळी चालू केली. हिमोग्लोबिन भरल्यावरही डॉक्टरीणबाईंनी ती आणखी तीन महिने बंद करू दिली नाही, कारण शरीरातला साठा भरायला वेळ लागतो. खडू खाणे मात्र काही आठवड्यांतच आपोआप सुटले.

दादांच्या पेट्या अजूनही येतात आणि आम्ही त्या आवडीने संपवतो. आपल्या मुलीची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. आणि गोळ्या सुरू झाल्याच, तर अधूनमधून तिची कंपासपेटी उघडून पाहा.