बालकथेतील अवघड प्रश्न आणि शेवटचे भाषण

प्रश्न : मी दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दीर्घकथा लिहिते आहे. मुलुंडच्या एका सोसायटीत राहणाऱ्या सहावीतल्या ईशाच्या घरी तिच्याच वयाची सुमन कामाला आहे. आई प्रेमळ आहे, सुमनच्या आजारी वडिलांच्या औषधांसाठी गावी पैसेही पाठवते. हे चूक आहे असे ईशाला वाटू लागते, परंतु सुमनला काम सोडायचे नाही. शेवटी वर्गशिक्षिका बालमजुरीचा कायदा समजावून सांगतात. कथा वाचलेल्या काहींच्या मते मुलांना एवढ्या गुंत्यात टाकू नये, तर काहींना शेवट भाषणासारखा वाटला. काय करावे?
— एक लेखिका, मुलुंड

उत्तर : गुंता सोडवू नका, भाषण मात्र तेथून हलवा.

या वयाच्या मुलांना असा गुंता झेपतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांना सांगितलेल्या दोन छोट्या गोष्टी दिल्या आहेत. एका मुलाकडून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात, तर दुसऱ्याकडून आईच्या नकळत जॅम काढताना एकच. अधिक दोषी कोण, असे विचारल्यावर लहान मुले बहुधा नुकसान मोजत आणि थोडी मोठी झालेली मुले हेतू पाहू लागत. तुमचे वाचक हेतू पाहणाऱ्या वयाचे आहेत. ईशाच्या आईचा हेतू चांगला आहे हे त्यांना पटेल, आणि म्हणूनच चांगला हेतू पुरेसा असतो का, हा प्रश्न त्यांना खरोखर अडवील.

कायद्यापाशी मात्र प्रश्न उरत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती, घरच्या व्यवसायातील मदतीसारखे मोजके अपवाद वगळता, सर्वच कामांना लागू झाली. शिक्षिकेच्या तोंडी हे शेवटी आले की सगळा पेच मिटल्यासारखा वाटतो. तेच कथेच्या मध्यावर आणले, तर ईशाला कायदा कळलेला असेल आणि तरीही आईशी कसे बोलावे, सुमनच्या वडिलांच्या औषधांचे काय, हे कळलेले नसेल. कथेचा उत्तरार्ध याच अवघडलेपणावर उभा राहू शकतो.

तुम्ही पाठवलेल्या पानांत एक वाक्य ओझरते येऊन जाते : सुमनचा कानतुटका कप स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. माझ्या मते संपूर्ण हस्तलिखितातील हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे, आणि तुम्ही ते अर्ध्या ओळीत संपवले आहे. सुमनला पोटभर जेवू घालणारी आई तिचा कप वेगळा ठेवते, आणि ईशाने तो रोज पाहूनही कधी पाहिलेला नसतो. घरचे कप संपले म्हणून एखाद्या दिवशी ईशा त्या कपातून दूध प्यायला घेते आणि आई झटकन तो हातातून काढून घेते, एवढा प्रसंग लिहा. आईला त्या क्षणी खलनायिका करू नका. तिलाही काय बोलावे ते सुचू नये.

सुमनविषयीही थोडे सांगायला हवे. तुमच्या कथेत सगळे तिच्याविषयी बोलतात, ती स्वतः फारसे बोलत नाही. तिला काम सोडायचे नाही यामागे वडिलांच्या आजाराखेरीज तिचे स्वतःचे कारण असू द्या, आणि ईशाची दया तिला क्वचित नकोशीही वाटू द्या. अशी गरीब मुले आपल्या बालसाहित्यात बहुधा दुसऱ्याचे मन उजळवण्यापुरतीच येतात, याचे मला फार वाईट वाटते.

शेवटी सुमन राहते की जाते, हे लेखिका म्हणून तुम्हाला ठरवावेच लागेल. घटना अर्धवट सोडली तर मुलांना फसवल्यासारखे वाटते. ईशाने केले ते योग्य होते का, एवढे मात्र त्यांच्यावर सोपवा. पुढचा खर्डा मोठ्यांना दाखवण्याआधी चार-सहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि 'काय शिकलात?' असे चुकूनही विचारू नका. ज्या पानावर ती आपापसांत वाद घालतील ते पान तसेच ठेवा, आणि जेथे ती तुमच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर शोधू लागतील तो मजकूर पुन्हा लिहा.