होल्स्टरच्या आधी एक म्यान शिवा

एकदम पिस्तुलाच्या होल्स्टरला हात घालू नका. आधी सुरीचं म्यान करा. कसब तेच, कातडं कमी वाया जातं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं मागा, कोल्हापुरी चपलांना लागतं तसलं, साधारण 3 मिलिमीटर जाड. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ कातडं पर्सला ठीक, पण ओलं करून दिलेला आकार ते धरत नाही.

धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये कातड्याची पट्टी घालाच, नाहीतर पातं थेट दोऱ्यावर चालतं. शिवण हातानेच: मेण लावलेला एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. दोरा शिवणीच्या चौपट तरी घ्या. अर्ध्यावर संपला की जी चिडचिड होते, विचारू नका.

मग कोमट पाण्यात भिजवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सुरी आत घालून बोटांनी दाबत जा. नखं आधी कापा, ओल्या कातड्यावरचा ओरखडा कायमचा. वाळवायचं सावलीत. होल्स्टरलाही हेच, फक्त साच्यासाठी प्लास्टिकचं नकली पिस्तूल घ्या. आणि सुरी म्यानात घालून महिनोन्‌महिने ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच, पातं गंजतं.