ट्रिप्टोफॅनपासून बनणारी संयुगे मेंदूतील रिसेप्टरवर कसा परिणाम करतात?

ट्रिप्टोफॅन हे अन्नातून मिळणारे अमिनो आम्ल म्हटले की बहुतेकांना त्यापासून बनणारे सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन आठवते. प्रत्यक्षात विघटन होणाऱ्या ट्रिप्टोफॅनपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग कायनुरेनिन मार्गाने, म्हणजे कायनुरेनिन हे संयुग तयार करणाऱ्या रासायनिक क्रियांच्या साखळीने, जातो, आणि आपल्या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मला येथेच दिसतो. कायनुरेनिन रक्तातून मेंदूत शिरू शकते. तेथे ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशी त्यापासून मुख्यतः कायनुरेनिक आम्ल तयार करतात, तर मायक्रोग्लिया (मेंदूतील रोगप्रतिकारक) पेशी क्विनोलिनिक आम्ल. दोन्ही आम्ले ग्लुटामेट या चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या संदेशवाहकाच्या एनएमडीए रिसेप्टरवर (पेशीच्या पृष्ठभागावरील, संदेश ग्रहण करणाऱ्या प्रथिनावर) काम करतात, पण परस्परविरुद्ध दिशेने. क्विनोलिनिक आम्ल ग्लुटामेटच्याच जागी बसून रिसेप्टरला उत्तेजित करते आणि त्याचे प्रमाण फार वाढल्यास पेशीत कॅल्शियमचा अतिरेक होऊन चेतापेशी मरू शकते. उलट कायनुरेनिक आम्ल शेजारची, ग्लायसीनसाठी असलेली जागा अडवते, आणि त्या जागी ग्लायसीन किंवा डी-सेरीन यांपैकी एक अमिनो आम्ल बसल्याशिवाय, ग्लुटामेट हजर असले तरी, रिसेप्टरची, कॅल्शियम पेशीत सोडणारी, वाहिनी उघडतच नाही. शरीरात दाह असताना ट्रिप्टोफॅनचे विघटन सुरू करणाऱ्या आयडीओ या विकराची (एन्झाइमची) क्रिया वाढून अधिक ट्रिप्टोफॅन या मार्गाकडे वळते. म्हणूनच दाह आणि नैराश्य यांच्या संबंधाचा शोध घेणाऱ्या संशोधनात या दोन आम्लांच्या परस्पर प्रमाणाकडे इतके बारकाईने पाहिले जाते.