रूटीन बदलू नका, वजन बदला

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, वजन 64 किलो, सहा महिने विश्रामबागच्या जिमला जाताय, दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ बघून नवीन रूटीन धरताय. अंग ठणकतं, पण ताकद आहे तिथंच. त्यात वडील म्हणतात, "जिम सोड, तालमीत जा."

वडिलांचं निम्मं बरोबर आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आले, हिंदकेसरी मारुती माने तर आपल्या कवठेपिरानचे. या मुलखात राहून तालमीला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण तालीम म्हटलं की लोक फक्त बैठकांचा आकडा सांगतात. शंभराच्या पाचशे बैठका झाल्या की दम वाढतो, मांड्या लवकर भरून येत नाहीत. ताकद मात्र एका टप्प्यानंतर त्यानं फारशी वाढत नाही, कारण उचलायचं वजन तेच राहतं, तुमचं स्वतःचं. पैलवानाची ताकद येते जोडीदाराला उचलण्यातून, दोरी चढण्यातून, हौदाची (कुस्तीच्या आखाड्याची) माती उकरण्यातून, करेला (जड लाकडी मुद्गल) फिरवण्यातून. आणि वस्ताद पोराला पेलेल तसा जोडीदार देतो, पुढं त्याहून जड देतो. वाढतं वजन तिथंही आहेच, फक्त ते कुणी लिहून ठेवत नाही.

हीच गोष्ट थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर करून दाखवली. पाय दुबळे झालेल्या सैनिकांना हलकी हालचाल पुरे, असा तेव्हाचा समज. यानं त्यांना वजन उचलायला लावलं आणि जमेल तसं वाढवत नेलं. सैनिक लवकर सुधारले. त्याचा लेख 1945 चा आहे, आणि आज जिममध्ये जे चालतं त्याचा पाया तोच.

आता तुमचं कुठं अडलंय ते. नवीन व्यायाम धरला की पहिले काही आठवडे जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेची असते. शरीर ती हालचाल शिकत असतं. स्नायूत दिसण्याजोगी भर त्यानंतर पडते. तुम्ही शिकून होता होताच व्यायाम बदलता, म्हणजे सहा महिने बालवाडीतच. अंग ठणकतं ते नव्या हालचालीमुळं, दोन-तीन दिवस राहतं आणि जातं. ठणका म्हणजे प्रगती नव्हे, आणि ठणका नाही म्हणजे व्यायाम वाया गेला असंही नाही.

आठवड्यात तीन दिवस, पाचच व्यायाम: स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), बेंच प्रेस (पाठीवर झोपून बार वर ढकलणं), रोइंग (वाकून बार पोटाकडं ओढणं), खांद्यावरून प्रेस (उभं राहून बार डोक्यावर ढकलणं). पुलअप्स (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) जमत असतील तर रोइंगच्या जागी आलटून पालटून. किमान तीन महिने यातलं काही बदलायचं नाही. एक दहा रुपयांची वही घ्या. समजा स्क्वॉट 40 किलोनं तीन सेटमध्ये (दमून थांबेपर्यंतची एक फेरी म्हणजे सेट) 8, 8, 7 वेळा झाले, तर तेवढंच लिहा. पुढच्या खेपेला 9, 8, 8 करायचा प्रयत्न. तिन्ही सेटला 12 झाले की वजन 42.5 किलो, आणि पुन्हा आठपासून. सेट संपताना अजून दोन मारता आले असते असं वाटलं पाहिजे. दर वेळी डोळे पांढरे करायची गरज नाही. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं बसा, खुशाल बसा.

अडीच किलो वाढवायला बारच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या सव्वा किलोच्या प्लेटा बऱ्याच जिममध्ये सापडत नाहीत, आणि पोरं त्या लावायला लाजतातही. आपल्या सांगलीचा संकेत सरगर 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात दोन प्रकारांत 113 आणि 135 असं मिळून 248 किलो उचलून रौप्य घेऊन आला. सोनं 249 ला गेलं. तिथं एका किलोवर पदकाचा रंग बदलतो, आणि आपण एकदम दहा किलो चढवून मित्राला म्हणतो, "जरा हात लाव." मग मित्र "घे, घे, घे" करत बारला दोन बोटं लावतो आणि निम्मं वजन तोच ओढतो. वहीत 70 लिहिलं जातं. त्यातलं तुमचं किती, ते त्या मित्राच्या दंडाला विचारा. हात लागला ती उचल मोजायची नाही.

खुराकाबद्दल थोडक्यात. व्यायाम करणाऱ्याला किलोमागं साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे तुम्हाला शंभरच्या आसपास. चार अंडी 24, अर्धा लिटर दूध 16, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स 26, मूठभर शेंगदाणे सात-आठ. उरलेली भाकरी, आमटी, मटकीच्या उसळीतून निघतात. प्रोटीन पावडरचे डबे विकत घ्यायची तूर्त गरज नाही. खरी अडचण झोपेची. रात्रपाळीच्या आठवड्यात वजन वाढवायच्या फंदात पडू नका, तेच वजन, एक सेट कमी, आणि घरी जाऊन पडदे लावून झोपा.

कंबरेतून पायात कळ जात असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, मग बारला हात लावा.

रात्रपाळी कोणत्या आठवड्यात येते आणि सुट्टी कोणत्या वारी असते ते खाली लिहा, तीन वार बसवून देतो. शक्य झालं तर स्क्वॉटचा बाजूनं काढलेला व्हिडिओही टाका, पायाचे तळवे दिसतील असा.