नऊ महिन्यांची लस चुकली, आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

नाही. घेतलेले डोस वाया जात नाहीत, जिथे थांबलात तिथून पुढे चालू करायचं. पुण्याहून म्हापशाला आल्याच्या गडबडीत राहून गेलं आणि बाळ आता १४ महिन्यांचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. सोळाव्या महिन्याच्या डोसबरोबर एकदमच घेऊ, असं म्हणून थांबू मात्र नका. राहिलेल्यात गोवर-रुबेलाची लस आहे. आईकडून आलेलं संरक्षण नवव्या महिन्यापर्यंत बरंचसं ओसरतं. आणि गोवर घरात शिरला, तर लस न घेतलेल्या १० जणांतल्या ९ जणांना गाठू शकतो.

मी डिचोलीची. माझी दोन्ही मुलं सरकारी आरोग्य केंद्रातच लसी घेत वाढली. तिथे लसीकरणाचा वार ठरलेला असतो, तेवढा आधी विचारून घ्या. पुण्याचं कार्ड इथे चालतं. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर, नोंद असेल तर तोच मोबाईल नंबर सांगा. गोवर-रुबेलाबरोबर न्यूमोकोकलचा (न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या लसीचा) बूस्टर, पोलिओचं इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस राहिलाय का, तेही नर्सबाईंना बघायला सांगा. एकाच दिवशी दोन-तीन सुया टोचल्या की आजी-आजोबांचा जीव कासावीस होतो, पण त्याने बाळाला अपाय होत नाही. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस निदान चार आठवडे सोडून, १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान.

सर्दी किंवा किरकोळ कणकण असली तरी लस देता येते. आमच्याकडे चवथ आली, घर पाहुण्यांनी भरलं की 'आता नको, नंतर बघू' होतं, आणि ते 'नंतर' पुढे पुढे सरकत राहतं. मला खरी काळजी याचीच वाटते. पहिल्या वर्षी सगळे धावपळ करतात, मूल चालायला लागलं की कार्ड कपाटात जातं. पण १६ ते २४ महिन्यांत डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस) आणि पोलिओचे बूस्टर असतात, पाच-सहा वर्षांचं झालं की डीपीटीचा आणखी एक. अ जीवनसत्त्व तर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, एकूण ९ डोस. जंताची गोळी वर्षातून दोनदा अंगणवाडीत मिळते. दोन वर्षांखाली ती अर्धीच, चुरून पाण्यातून द्यायची.

अंगणवाडीत नाव घाला. तिथे वजन-उंची नोंदली जाते, आणि तपासणीला येणारं वैद्यकीय पथक डोळे, कान, दात, बोलणं हेही बघतं. कांजिण्या, टायफॉइड यांच्या लसी सरकारी यादीत नाहीत, त्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. नंतर ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचं, ते त्या वेळातच विचारून घ्या, आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.