नदी एकच, मग नकाशे वेगवेगळे का?

प्रश्न : आमच्या नदीच्या वरच्या भागातल्या लोकांनी बंधाऱ्यांचा नकाशा केलाय, खालच्यांनी विहिरींचा केलाय, आणि एका संस्थेकडे जंगलाचा आहे. सगळ्यांना मिळून काम करायचंय पण हे नकाशे एकमेकांवर ठेवले की जुळतच नाहीत, ओढा एकात बंधाऱ्याच्या अलीकडे दिसतो, दुसऱ्यात पलीकडे, आणि मीटिंग त्यावर वाद घालण्यातच संपते. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : सगळ्यात आधी कुणाचा नकाशा बरोबर हा वाद थांबवा. बऱ्याचदा गडबड डेटमची असते, म्हणजे जागा मोजताना पृथ्वीचा आकार कसा धरलाय त्याची. जुने कागदी नकाशे त्या त्या देशाच्या डेटमवर असतात आणि मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या जगभर चालणाऱ्या डेटमवर, त्यामुळे तीच विहीर शे-दोनशे मीटर सरकलेली दिसू शकते. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात प्रत्येक लेयरचा, म्हणजे बंधारे, विहिरी, जंगल अशा प्रत्येक थराचा, डेटम नीट भरा आणि मग परत एकावर एक ठेवून बघा.

त्यानंतर पाणलोटाची हद्द एकत्र बसून ठरवा, आणि इथे घाई अजिबात करू नका. बहुतेक जण एसआरटीएमच्या उंचीवरून ही रेघ काढतात. ती उंची २००० साली अंतराळयानातून रडारने मोजलेली आहे, साधारण ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची, आणि झाडांचे शेंडे, घरांची छपरंही त्यात बऱ्याच अंशी जमिनीतच धरली गेलीत. डोंगरात त्याने फार बिघडत नाही, पण सपाट भागात रेघ भलतीकडेच जाऊ शकते, आणि रस्त्याखालची मोरी तर त्यात दिसतच नाही, म्हणजे पाणी खरं इकडून जातं आणि कॉम्प्युटर दाखवतो तिकडून. म्हणून वरचे आणि खालचे दोघांनी मिळून, पाऊस चालू असताना ती रेघ चालून बघायची, जिथे चुकलीय तिथे जीपीएसने पॉइंट घ्यायचे. माझ्या मते अख्ख्या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे, कारण वरच्या माणसाचं पाणी आपल्याकडे कुठून येतं हे खालचा माणूस स्वतः बघतो.

मग प्रत्येक लेयरसोबत चार गोष्टी लिहायच्याच : कुणी मोजलं, कधी, कशाने, आणि पुढे दुरुस्ती कोण करणार. शेवटचं लिहिलं नसेल तर तो लेयर दोन वर्षांत जुना होतो आणि लोक त्याच्यावरच निर्णय घेत राहतात. युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या देशांचंच बघा ना, नदी मिळून सांभाळायचा करार १९९४ मध्ये सोफियाला झाला, १९९८ पासून तो लागू आहे, आणि आता अख्ख्या खोऱ्याचा एकच आराखडा सामाईक नकाशांसकट दर ६ वर्षांनी नव्याने करतात. एवढे देश हे करू शकतात तर एका छोट्या नदीवरच्या लोकांनाही जमेल, जमायलाच पाहिजे!

प्रश्न : विहिरी-बोअरची माहिती द्यायला लोक तयार नाहीत, उद्या कुणी आमचं पाणी बंद करेल म्हणतात.

उत्तर : भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. सामाईक नकाशावर मालकाचं नाव आणि नेमकी जागा द्यायची काहीच गरज नाही, विहिरी गटागटाने दाखवा आणि फक्त पाण्याची पातळी द्या. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा सगळ्यांनी एकाच आठवड्यात मोजलं तरच ती तुलना करण्यासारखी असते. आणि या माहितीचा वापर कशासाठी होणार, कशासाठी होणार नाही हे माहिती गोळा करायच्या आधी लेखी ठरवा, नंतर नाही.

प्रश्न : फुकट मिळणारी उपग्रहाची चित्रं पुरतील का?

उत्तर : पिकं, जंगल, मोठे तलाव यासाठी हो. सेंटिनल-२ या युरोपच्या उपग्रहांचं चित्र साधारण ५ दिवसांनी मिळतं, त्यातला एक ठिपका १० मीटरचा असतो, पण ऐन पावसात ढग आडवे येतात, तेव्हा ढगांतूनही बघणारं सेंटिनल-१ चं रडार वापरा. लँडसॅट या अमेरिकेच्या उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत, २००८ पासून ती फुकट झाली, त्यामुळे जंगल किती हटलं हे जुनी चित्रं काढून दाखवता येतं. छोटा बंधारा, गाळाने भरलेलं पात्र, फुटलेली भिंत मात्र यात दिसणार नाही, त्यासाठी ओढ्याकाठाने चालत जाऊन फोटो आणि पॉइंट घ्यावेच लागतील.